खाटेचा विमा आणि मनाचा आजार

म्हातारपणी मन आजारी पडते, ही गोष्ट आपल्याकडे सहसा त्या शब्दांत सांगितली जात नाही. ती आडवाटेने घरात शिरते. ‘झोप लागत नाही’, ‘पोट साफ होत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘तोंडाला चव नाही’ आणि कोणी अगदीच खोदून विचारले तर ‘कशात जीव रमत नाही रे’. घरातले कोणी गॅसची गोळी देते, कोणी काढा सुचवते. डॉक्टर रक्त तपासतात, ईसीजी काढतात आणि सगळे ठीक आहे म्हणून सांगतात. मग आजी पुन्हा खिडकीशी जाऊन बसते. वय झाले की असे व्हायचेच, हे आपले घरगुती निदान. त्यावर अपील नसते.

या ‘व्हायचेच’ची मोजदाद मात्र झालेली आहे. मुंबईला देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशातल्या पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचा पहिला अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला नैराश्याचा आजार असल्याचे निदान झाले आहे, असे स्वतःहून सांगणारे साठीपुढचे लोक त्यात निघाले ०.८ टक्के. शंभरात एकही धड नाही. त्याच वयोगटाला ठरावीक प्रश्नावली लावून लक्षणे तपासली, तेव्हा आकडा आला ८.३ टक्के. म्हणजे दर बारा वृद्धांमागे एक. असलेला आजार आणि सांगितलेला आजार यांत दहा पटींचा फरक! याच पाहणीच्या जोडीने झालेल्या अभ्यासातून २०२३ मध्ये स्मृतिभ्रंशाचाही अंदाज पुढे आला. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना तो असावा.

हे एकीकडे. दुसरीकडे गेल्या काही वर्षांत वृद्धांच्या हातात एक कार्ड आले आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘आयुष्मान भारत’ योजना सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला खुली केली. उत्पन्नाची अट नाही, आधारवरचे वय पुरेसे. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार विनामूल्य. महाराष्ट्राने त्याआधीच, १ जुलै २०२४ पासून, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू केली होती आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली होती. तेव्हा साठ ते सत्तरमधले लोकही, निदान कागदावर तरी, उघड्यावर राहिलेले नाहीत. या योजनांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. हृदयाचे ऑपरेशन किंवा कर्करोगाचे उपचार यांपायी शेत गहाण पडायचे, ते पुष्कळ घरांत टळले आहे.

प्रश्न एवढाच की, त्या खिडकीशी बसलेल्या आजीला या कार्डाचा काय उपयोग? उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते खाटेवर अवलंबून आहे. आजी इस्पितळात दाखल झाली तर कार्ड चालते. ती दर महिन्याला मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊन गोळ्या लिहून आणणार असेल, आठवड्याला समुपदेशकाशी बोलणार असेल, तर चालत नाही. बाह्यरुग्ण विभागातले उपचार या विम्यात बसत नाहीत. आणि म्हातारपणच्या मनाच्या आजारांपैकी बहुतेकांचे उपचार व्हायचे असतात ते नेमके तिथेच.

वास्तविक कायदा वृद्धांच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. शारीरिक आजारांसाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा दिला जातो, त्याच आधारावर मानसिक आजारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने तरतूद केली पाहिजे, असे त्याच्या एकविसाव्या कलमात म्हटले आहे. मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि भावस्थितीबरोबर स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांचाही उल्लेख आहे. म्हणजे केवळ नैराश्य नव्हे, तर रोजचे व्यवहार मोडून टाकणारा स्मृतिभ्रंशही कायद्याच्या नजरेत आला. त्याआधी अनेक पॉलिसींच्या मागच्या पानावर ‘वगळलेले आजार’ अशी बारीक टाइपातली यादी असे. तिच्यात मनोविकार हे दारूचे व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांच्या शेजारी बसवलेले असत. शेजार पाहिला म्हणजे काय समजूत होती ते कळते. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना कायदा पाळायला सांगितले. तरी चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, पुन्हा मुदत घालून बजावावे लागले.

पण ‘त्याच आधारावर’ या शब्दांतच सारी गोम आहे. आपल्याकडे शारीरिक आजाराचा विमादेखील मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचाच असतो. तेव्हा मनाला समान हक्क मिळाला, तो खाटेवर झोपण्याचा.

असे का, हेही समजून घेतले पाहिजे. सरकारी आरोग्य विमा ‘पॅकेज’वर चालतो. गुडघा बदलायचा, इतके पैसे. मोतीबिंदू काढायचा, इतके पैसे. उपचार एका तारखेला सुरू होतात आणि दुसऱ्या तारखेला संपतात. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे जोडता येतो, भरती आणि डिस्चार्जचे कागद असतात, लबाडी झाली तर सापडू शकते. मनाच्या उपचारांचा एक्स-रे निघत नाही. डॉक्टर आजीशी चाळीस मिनिटे बोलले की चार, हे हिशेबनिसाला कसे कळायचे? शिवाय हा आजार तारखेला संपत नाही. हिशेबाच्या दृष्टीने ही अडचण खरी आहे. मात्र ती हिशेबाची अडचण आहे, रुग्णाची नव्हे, हे विसरले जाते.

आता या पॅकेजची गाठ प्रत्यक्ष आजाराशी घालून पाहा. आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधे आणि तपासण्या धरलेल्या आहेत. शस्त्रक्रियेची जखम भरायला ते पुरत असेल. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसू लागायलाच दोन ते चार आठवडे जातात, वयस्कर माणसांत कधी त्याहून अधिक. गुण आल्यानंतरही निदान सहा महिने, बऱ्याचदा वर्षभर किंवा जास्त, त्या चालू ठेवाव्या लागतात. मध्येच सोडल्या तर आजार उलटण्याची भीती. म्हणजे गोळी लागू पडेपर्यंत योजनेची मुदत संपलेली असते. पुढचा खर्च ज्याचा त्याने.

तो खर्च कोण करतो? खासगी कंपनीतून किंवा गिरणीतून निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ मध्ये ठरली, ती महिना एक हजार रुपये. असंघटित कामगाराला तेवढीही नाही. घरात आधीच रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या असतात. पैसे कमी पडले की त्यांतून पहिली गळते ती मनाची गोळी. रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला पट्टी आहे. ‘जीव रमत नाही’ला आकडा नाही. आणि पुष्कळदा ती गोळी आजी स्वतःच सोडते. माझ्यापायी पोराला खर्च नको, म्हणून. आपण कोणावर तरी भार आहोत, हे वाटणे हा त्या आजाराचाच भाग आहे. तेव्हा आजारच औषध बंद करतो, आणि घरच्यांना वाटते, बरे झाले, आई आता गोळ्यांशिवाय राहते.

खाटेची अट केवळ अपुरी आहे असेही नाही. काही वेळा ती उलटी जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला त्याचे घर थोडेफार सांभाळून घेत असते. संडास कुठल्या बाजूला, देवघर कुठे, पाण्याचा माठ कुठे, हे डोके विसरले तरी पाय विसरत नाहीत. त्याला उचलून अनोळखी वॉर्डात ठेवले की दिवस-रात्रीचे भान सुटते. संध्याकाळ झाली की तो घरी जायचे म्हणून उठतो, सलाइन ओढून काढतो. घरचे म्हणतात, इथे आणले आणि जास्तच झाले. त्यात तथ्य असते. अशा माणसाला पाहिजे असते ते घरी येणारे कोणी तरी, आणि त्याला रात्रंदिवस सांभाळणाऱ्या बायकोला किंवा सुनेला चार तासांची उसंत. ब्यूरोतून मावशी ठेवली तर तिचा पगार कोणत्याही सरकारी विम्यात बसत नाही.

भरतीची गरज कधीच नसते, असा याचा अर्थ नाही. ज्याने अन्नपाणी सोडले आहे, जो जिवाचे बरेवाईट करील अशी भीती आहे, त्या वृद्धाला दाखल करावेच लागते. तिथे योजनेचा उपयोग आहे. आयुष्मानच्या मूळ यादीत मनोविकारांची सतरा पॅकेजेस होती आणि ती सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली होती. त्यांत विद्युत उपचारही आहेत. ‘शॉक’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला प्रसंग येतो, बांधलेला रुग्ण आणि किंचाळ्या. आजचा उपचार तसा नसतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करायला २०१७ च्या कायद्यानेच बंदी केली आहे. वृद्धांच्या तीव्र नैराश्यात, विशेषतः गोळ्यांचा परिणाम होईपर्यंत थांबण्याइतका वेळ हातात नसतो तेव्हा, तो मोठा गुणकारी ठरतो. तेव्हा डॉक्टरांनी तो सुचवला तर घाबरून रुग्णाला उठवून घरी नेऊ नये.

हा खाटेचा हट्ट आपल्याच देशाचा आहे असे नाही. पासष्टीपुढच्या सर्वांना सरकारी विमा देणारा अमेरिकेचा ‘मेडिकेअर’ कायदा जुलै १९६५ मध्ये झाला. त्याच्याही पोटात हा भेद होता. मनोरुग्णालयातली भरती आयुष्यभरात मिळून १९० दिवसांची, असे बंधन तेव्हा घातले गेले, ते अद्याप उठलेले नाही. सर्वसाधारण इस्पितळाला असे आयुष्यभराचे बंधन नाही, मनासाठीच ते आहे. बाह्यरुग्ण उपचारांत इतर आजारांना रुग्णाने पाचवा हिस्सा द्यायचा, आणि मनोविकाराला मात्र निम्मा. हा निम्मा हिस्सा कमी करण्याचा कायदा व्हायला २००८ साल उजाडले आणि टप्प्याटप्प्याने बरोबरी व्हायला २०१४. समुपदेशकांना थेट मोबदला मिळू लागला तो जानेवारी २०२४ पासून. त्याच वर्षी जुलैत त्यांनी स्मृतिभ्रंशासाठी एक आठ वर्षांचा प्रयोग हाती घेतला. त्यात रुग्णाच्या घरच्यांना मार्ग दाखवणारा माणूस नेमला जातो आणि सांभाळणाऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून बदली मदतनिसाचे पैसे काही मर्यादेपर्यंत सरकार देते. श्रीमंत देशालाही इथवर यायला साठ वर्षे लागली. (मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांना तिथे हा विमा लगेच मिळत नाही. ग्रीन कार्डावर पाच वर्षे सलग राहिल्यावर तो हप्ता भरून घेता येतो. तिथल्या चार भिंतींत एकटे पडणाऱ्यांसाठी ही पाच वर्षे थोडी नव्हेत.)

पण इतक्या लांब जायचे कारण नाही. भरतीशिवायचे उपचार सरकारी खर्चाने देणे भारत सरकारला जमत नाही, हे म्हणणेच खरे नाही. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी ‘सीजीएचएस’ आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथे तिचे दवाखाने आहेत. तिथे पेन्शनर तज्ज्ञाला दाखवतो आणि महिन्याची औषधे घेऊन घरी जातो. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ‘ईसीएचएस’ची पॉलिक्लिनिक आहेत. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या फौजींच्या घरांना ती ठाऊक असतात. तिथेही आधी बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे, मग लागली तर भरती. या व्यवस्थांत तक्रारी आहेत, औषधे नसतात, रांगा असतात. परंतु तत्त्व मान्य झालेले आहे की वृद्धाचा आजार हा बहुधा घरी राहून चालवायचा असतो. सरकारने आपल्या नोकरांच्या बाबतीत जे ओळखले, ते शेतमजुराच्या आणि मोलकरणीच्या म्हातारपणी का ओळखू नये? दर महिन्याची तपासणी, ठरावीक औषधे आणि ठरावीक संख्येच्या समुपदेशनाच्या बैठका, एवढ्याचे वर्षभराचे एक पॅकेज करणे हे हिशेबनिसांच्याही आवाक्याबाहेरचे नाही. यादीत वेळोवेळी भर पडतच असते.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरात असा माणूस असेल तर काय करावे?

पहिली गोष्ट, ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड मंदावणे, जीवनसत्त्व बी-१२ कमी पडणे, रक्तातले सोडियम उतरणे, या साध्या कारणांनीही म्हातारा माणूस उदास, सुस्त किंवा घोटाळलेला दिसतो. त्याच्या तपासण्या आधी व्हाव्यात. दोन-तीन दिवसांत एकाएकी बरळू लागला, माणसे ओळखेना, तर तो बहुधा वेडही नसतो आणि स्मृतिभ्रंशही नसतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा नव्याने सुरू केलेले एखादे औषध त्यामागे असू शकते. ते तातडीने दाखवण्याचे काम आहे, आणि त्या शारीरिक आजारासाठी भरती झाली तर कार्डही लागू पडू शकते.

दुसरी गोष्ट, सरकारी रुग्णालयाचा दरवाजा. विम्यात जे नाही ते पुष्कळदा तिथे असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांत बाह्यरुग्ण विभागही चालतात. तिथे नुसते दाखवायला गेलेल्याला कोणी आत ठेवून घेत नाही, ही जुनी भीती काढून टाकावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने वाढत आला आहे. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत त्यामुळे मनोविकार विभाग भेटतो.

तिसरी गोष्ट कार्डाची. सत्तरी ओलांडलेल्यांनी ते गरज पडण्याआधीच काढून ठेवावे. आजारपणात अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून खोळंबा होतो. भरतीची वेळ आली तर रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’ला गाठून स्पष्ट विचारावे: मनोविकाराचे पॅकेज या इस्पितळात चालते का? जे हृदयाला चालते ते मनाला चालेलच, असे धरून चालू नये. अडवणूक झाली तर आयुष्मानसाठी १४५५५ आणि राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत. ज्यांची खासगी पॉलिसी आहे, त्यांनी दावा केवळ ‘मानसिक आजार’ म्हणून नाकारला गेला तर गप्प बसू नये. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

आणि कार्ड, केसपेपर, रांग यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल, निव्वळ बोलायचे असेल, रात्री-अपरात्री भीती वाटत असेल, तर ‘टेली-मानस’ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत आणि आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. हा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही. मोठ्या अक्षरांत लिहून तो आजीच्या खिडकीपाशी लावावा.

गोळ्या सुरू झाल्यावरचे एक व्यावहारिक काम राहते. तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ रोज नसतात, जिल्ह्याहून ठरावीक दिवशी येतात. तो दिवस कोणता, आणि एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळतात, हे पहिल्याच खेपेला विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे. एक खेप चुकली की पुढची फेरी येईपर्यंत आजी गोळ्यांशिवाय असते.